दोनशे दहा ग्रॅम पाणी

साक्षीने ते झाड गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून आणलं, रिक्षात मांडीवर घेऊन. बोटाच्या पेराएवढी जाडजूड, गुळगुळीत पानं, आणि खोड एवढ्याशा झाडाला शोभणार नाही इतकं दणकट. जेड म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी तिला नोकरीसाठी बंगळूरला निघायचं होतं. बॅगा भरायच्या सोडून तिने ती मातीची कुंडी हॉलच्या खिडकीत ठेवली आणि आईवडिलांना समोर उभं करून बजावलं.

"हे पानांत पाणी साठवून ठेवतं. याला मारायचं असेल तरच रोज पाणी घाला. माती आतपर्यंत कोरडी झाली, कुंडी हलकी लागली, की मगच. तीन आठवडे गेले तरी चालतील. आई, तुला सांगतेय."

"मलाच का गं?" विमलाबाई म्हणाल्या.

"कारण तू माझे दोन गुलाब बुडवून मारलेस."

विमलाबाईंनी तोंड फिरवलं, पण हसू काही लपलं नाही. झाडाची जबाबदारी मग आपोआप झुंबररावांकडे आली. झुंबर गांगुर्डे म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. हातात आलेला प्रत्येक भाग मोजायचा, उजेडात धरायचा, पुन्हा मोजायचा आणि मगच सही करायची, हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा ते आधी सरळ आहे का बघत. 'कुंडी हलकी लागली की' हे त्यांना पटणारं नव्हतंच. हलकी म्हणजे किती? साक्षीने केक करायला म्हणून घेतलेला वजनकाटा स्वयंपाकघरात पडून होता. त्यांनी तो पुसून घेतला. कोरडी कुंडी झाडासकट दोन किलो शंभर ग्रॅम भरली. पाणी घालून, निथळून, दोन किलो तीनशे दहा. म्हणजे झाडाची एका वेळची तहान दोनशे दहा ग्रॅम. हा आकडा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून टाकला आणि त्यांना फार बरं वाटलं.

तसं बघितलं तर त्या घरात बरंच वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं, पोरगी हाताशी आलेली. सकाळी दोघं गोदापार्कपर्यंत फिरून यायची. रविवारी विहारात वंदनेला. दुपारी जेवण, मग झोप. चार वाजता चहा आणि त्या चहावर भांडण, कारण विमलाबाईंना साखर जास्त लागायची आणि झुंबररावांना ते मोजायचं असायचं. विमलाबाईंनी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. शंभर पोरांचा कलकलाट ऐकलेल्या बाईला एका नवऱ्याची कटकट म्हणजे काहीच नव्हती.

एकच गोष्ट होती, आणि ती झुंबरराव कुणाला बोलत नसत.

विमलाबाईंची आई, लंकाबाई, बासष्टाव्या वर्षापासून विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं. मग दाराला कुलूप लावलं का ते बघायला ती चार-चारदा माघारी यायची. शेवटच्या वर्षी ती आपल्याच लेकीकडे बघून विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" विमलाबाई दर वेळी नाव सांगायच्या, हसून सांगायच्या, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायच्या. झुंबररावांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता विमलाबाईंना बासष्टावं लागलं होतं. भाजीत मीठ जरा जास्त झालं की झुंबरराव हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ते झाडाशी गेले. पाणी घालून अठरा दिवस झाले होते, उद्या-परवा घालू असा विचार होता. पानांना किंचित सुरकुती धरली होती, काल तर स्पष्ट दिसली होती. आज पानं टरटरीत होती. त्यांनी मातीत बोट घातलं. माती गार आणि ओली.

"विमल, झाडाला पाणी घातलंस का?"

"मी? नाही बा." आतून कणीक मळल्याचा आवाज येत होता. "तुमचं झाड, तुम्ही घाला."

"अगं, ओलं आहे."

"मग तुम्हीच घातलं असेल. विसरला असाल."

त्यांनी कुंडी काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे दहा.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घातलं असेल बायकोने, जाऊ दे. झुंबररावांना ते जमणारं नव्हतं. बायकोने पाणी घातलं याची काळजी नव्हती. घातलं आणि तिला आठवत नाही, याची होती. त्या दिवसापासून रोज सकाळी, विमलाबाई दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरल्या की, ते गुपचूप कुंडीचं वजन करू लागले. जुन्या डायरीत तारीख आणि आकडा. दोन तीनशे. दोन दोनशे ऐंशी. झाड रोज थोडं थोडं पाणी पीत होतं, आकडा शिस्तीत उतरत होता. फेब्रुवारीच्या मध्यावर तो दोन शंभरला आला. झुंबररावांनी मुद्दाम पाणी घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा दोन तीनशे दहा होता.

एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही. कुंडीखालच्या बशीत सांडलेला थेंब नाही. त्यांनी स्वतः पाणी घातलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. शिवाय कुंडी थोडी फिरलेली होती. तिच्या काठाला एक टवका होता, तो कायम भिंतीकडे असायचा. आता तो पडद्याकडे होता. झाडाची गळलेली तीन पानं बशीच्या कडेला एकाशेजारी एक, टोकं एका दिशेला करून मांडून ठेवलेली होती.

त्यांनी त्या दिवशी विमलाबाईंवर दिवसभर नजर ठेवली. त्या गवार मोडत होत्या. फोनवर साक्षीला लोणच्याची कृती सांगत होत्या, आणि ती अगदी बरोबर होती, मेथीच्या दाण्यापर्यंत. हसत होत्या. मग त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "काय बघताय सकाळपासून? मला शिंगं फुटलीत का?"

"काही नाही."

"काही नाही काय? बत्तीस वर्षं विमानं बघितलीत तसं बघताय."

ते हसले. पण त्यांना रडू येत होतं, खरं सांगायचं तर.

त्यातच समोरच्या बिल्डिंगमधली संजना गेटपाशी भेटली. तरुण मुलगी, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिच्या टेबलासमोरची खिडकी बरोब्बर गांगुर्ड्यांच्या खिडकीसमोर येते.

"काका, काकूंची कमाल आहे हं," ती म्हणाली. "भर दुपारी उन्हात उभ्या राहून त्या झाडाचं एकेक पान पुसत होत्या. कापडाने. मी मीटिंगमध्ये होते, अर्धा तास बघत होते."

"कधी?"

"काल. तीन वाजता असतील."

काल तीन वाजता दोघं आत झोपलेली होती. निदान झुंबरराव तरी झोपलेले होते.

"काकूच होत्या ना?"

संजना थोडी घुटमळली. "पाठमोऱ्या होत्या. म्हणजे, दुसरं कोण असणार?"

घरी येऊन त्यांनी पानांवरून बोट फिरवलं. खिडकीतून रस्त्याची धूळ सारखी येते, टीपॉयवर रोज बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते. पानं आरशासारखी स्वच्छ होती.

"विमल, काल दुपारी उठली होतीस का गं?"

"नाही. का?"

"सहज."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. फ्रीज उघडून बंद केला, उगाचच. झुंबररावांना ते लक्षात आलं आणि त्यांनी ते मनात नोंदवून ठेवलं. लंकाबाईपण असाच फ्रीज उघडून बंद करायची.

संजनाच्या आईने मात्र परस्पर निष्कर्ष काढला होता. आपल्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ती समोरच्या गच्चीवरच्या विमलाबाईंना म्हणाली, घरात काही बाहेरचं असेल तर दाराला लिंबू-मिरची बांधा, एका बाबांचा नंबर आहे माझ्याकडे. विमलाबाईंनी घरी येऊन ते नवऱ्याला नक्कल करून दाखवलं. असलं काही त्या घरात चालत नव्हतं. झुंबररावांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच भूत, नजर, उतारा हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, आणि ते परत आत घ्यायचं कारण नव्हतं. हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. आणि या गोष्टीला कारण होतं ते स्वयंपाकघरात उभं राहून नक्कल करून हसत होतं, हेच तर झुंबररावांचं दुःख होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. सकाळी दोन शंभर होते. त्या दिवशी विमलाबाई महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या, पंचवटीत, रिक्षाने. अकरा वाजता गेल्या त्या पाचला आल्या. झुंबरराव दुपारभर घरात एकटे. जेवून थोडे आडवे झाले, तासभर डोळा लागला. उठून पाहतात तर दोन तीनशे दहा.

ते बराच वेळ काट्यासमोर बसून राहिले. पंखा फिरत होता, डायरीचं पान फडफडत होतं. विमल घरात नव्हती. म्हणजे विमलने पाणी घातलेलं नव्हतं. एक क्षण त्यांना असा आनंद झाला की ते उठून उभेच राहिले. आणि मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली. ते खाली बसले.

घरात फक्त ते होते.

कारखान्यात एक नियम असायचा. आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही. सही दुसऱ्याची लागते. गेला दीड महिना ते स्वतःच मोजत होते, स्वतःच लिहीत होते आणि स्वतःच्या डोक्याला कधी काट्यावर ठेवलंच नव्हतं. ज्याला विसर पडतो त्याला विसर पडलाय हे आठवत नाही. लंकाबाईला तरी कुठे कळलं होतं?

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. सकाळी त्यांनी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली. पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता. दोघांना दाखवायचं, असं ठरवलं. मग चार वाजेपर्यंत विमलला हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत बसले. चहा झाला. त्यांनी घसा साफ केला.

"विमल, रागावू नकोस."

"अहो, तुम्ही रागावू नका," विमलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतलीये. सोमवारची."

झुंबररावांनी हातातला कप खाली ठेवला.

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला विसर पडतोय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाडाला पाणी घालता आणि मग मलाच विचारता, विमल तू घातलंस का. आईपण असंच करायची. मी दीड महिना बघतेय. कुणाला बोलले नाही. साक्षीलाही नाही."

त्या उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक कापडी पिशवी काढली. तिच्यातून निघाला अंगणवाडीचा टांगता काटा, बाळांना झोळीत घालून ज्यावर तोलतात तो. निकामी झाला म्हणून कुणी परत मागितला नव्हता आणि विमलाबाईंनी तो घरी आणून दुरुस्त केला होता. सोबत एक वही. रोज दुपारी, नवरा घोरायला लागला की, त्या कुंडी झोळीत घालून दाराच्या कडीला टांगत होत्या.

"दीड महिना?" झुंबरराव म्हणाले.

"दीड महिना."

"रोज?"

"रोज. बाळाचं वजन कमी झालं की काळजी करायची, आणि उगाच वाढलं तरी करायची. मला हेच येतं."

त्यांनी आतून आपली डायरी आणून तिच्या वहीशेजारी ठेवली. विमलाबाईंनी ती उघडली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. एक जण सकाळी बायको दुधाला गेली की मोजतोय, दुसरी दुपारी नवरा झोपला की मोजतेय, आणि दोघंही एकमेकांना वेड लागलं म्हणून रात्री कूस बदलून रडतायत! हसता हसता झुंबररावांना ठसका लागला. विमलाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि हात तिथेच ठेवला.

"म्हणजे कुंडी फिरायची ती तुझ्यामुळे," ते डोळे पुसत म्हणाले.

"झोळीतून काढताना फिरत असेल."

"आणि पानं मांडून ठेवायचीस ती?"

"कुठली पानं?"

झुंबररावांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

"तू पानं पुसलीस का कधी?" त्यांनी विचारलं. "दुपारी तीनला? संजनाने पाहिलं म्हणते."

"मी तुमच्या शेजारी जागीच होते त्या दुपारी. तुम्ही झोपायची वाट बघत होते, पण तुम्ही घोरेचनात. मग मलाच झोप लागली." त्यांनी वहीत बोट ठेवलं. "त्या दिवशीचं वजन नाही बघा."

दोन्ही वह्यांमधले आकडे जुळत होते. तिच्या काट्यावर शंभराच्याच खुणा होत्या, पण तेवढ्या पुरेशा होत्या. तारखा फार तर एखाद्या दिवसाने मागेपुढे, पण दोन्हीकडे तेवढीच वाढ. आणि दोघांनीही पाणी घातलेलं नव्हतं. निदान दोघांनाही घातल्याचं आठवत नव्हतं. बैठकीच्या दुपारी आपण मधेच घरी येऊन गेलो नव्हतो, हेही विमलाबाईंना आता छातीठोक सांगता येईना. गोष्ट तिथेच येऊन अडली.

"आपल्यापैकी एक जण आहे," विमलाबाई हळू म्हणाल्या. "कोण ते त्यालाच माहीत नाही."

झुंबररावांनी तपासणी आखली ती कारखान्यात आखत तशी. झाडाला पुन्हा तहान लागायला वीस दिवस होते. डॉक्टरांच्या दोन्ही वेळा पुढे ढकलल्या. आकडा दोन शंभरला उतरला त्या सकाळी दोघांनी आपापल्या काट्यावर कुंडी तोलली आणि एकमेकांच्या वहीत सही केली. खिडक्यांना आतून कड्या लावल्या. पाण्याच्या टाकीचा घरात येणारा कॉक बंद केला. दाराला कुलूप, दोन्ही किल्ल्या झुंबररावांच्या खिशात. मग दार आणि चौकट यांच्यावर आडवी कागदी पट्टी चिकटवली, अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर, आणि तिच्यावर दोघांनी तिरक्या सह्या ठोकल्या. दार उघडायचं तर सही फाटणार. विमलाबाईंनी स्वतःची सही दोनदा केली, दुसऱ्यांदा जरा मोठी.

आणि दोघं निफाडला विमलाबाईंच्या भावाकडे गेली.

गेणूची द्राक्षबाग शेवटच्या तोडणीला आली होती. मांडवाखाली सावली, पायाखाली भुसभुशीत माती, आणि सगळीकडे पिकल्या द्राक्षांचा गोड वास. गेणू बहिणीला बघून हरखला. "आक्का, किती दिवसांनी आली. राहा आता आठ दिस. लय गोड माल हाय औंदा." त्याने घड तोडून ओंजळीत दिला. विमलाबाई बांधावर बसून एकेक मणी खात होत्या, आणि झुंबररावांना वाटलं की असं त्यांना बघत आयुष्य गेलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बागेच्या कडेने चालत होती. बगळे परतत होते. कुठेतरी पंप चालू होता.

"वजन वाढलं नसेल तर?" विमलाबाईंनी विचारलं.

"तर आपल्यातलाच एक. मग डॉक्टर."

"मी असले तर तुम्ही कंटाळू नका हं. मी तुमचं नाव विचारेन सारखं."

"सांगेन. दर वेळी सांगेन." त्यांनी वाटेतलं एक ढेकूळ पायाने फोडलं. "आणि मी असलो तर?"

"मग तुम्हाला अंगणवाडीत घालीन," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरला. भावाच्या गावात, दिवसाउजेडी. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने दोघं नाशिकला परतली. सोबत द्राक्षांची पेटी. पाच वाजले होते. उन्हं जिन्याच्या भिंतीवर तिरपी पडली होती. झुंबररावांनी पेटी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पट्टीपाशी वाकले.

पट्टी अखंड होती. सह्या अखंड होत्या. कडेला हवेने जराही सुटली नव्हती.

"बघ," ते म्हणाले.

विमलाबाईंनी वाकून पाहिलं. मग बोटाने स्वतःच्या दोन सह्यांवरून फिरवून घेतलं. झुंबररावांनी पट्टी फाडली, कुलूप काढलं.

घरात बंद घराचा वास नव्हता.

ते दोघांनाही कळलं. चपला न काढताच दोघं खिडकीशी गेली. कड्या लागलेल्या. झाड उन्हात उभं होतं, पानं तुकतुकीत, भरलेली. दोन नवी पानं फुटली होती.

झुंबररावांनी कुंडी उचलून काट्यावर ठेवली. आकडे पळाले आणि थांबले.

दोन किलो तीनशे दहा.

विमलाबाईंनी झोळी काढली, काटा दाराच्या कडीला टांगला, कुंडी झोळीत घातली. सुई दोन खुणा पुढे जाऊन स्थिर झाली.

"मी नाही," त्या म्हणाल्या.

"मीही नाही."

"अहो, मी नाही!" त्या ओरडल्या, आणि नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागल्या. झुंबररावांनी त्यांना घट्ट धरलं. त्यांच्या पाठीवरून दोन महिन्यांचं ओझं उतरलं होतं. विमल ठीक होती. ते ठीक होते. कुणी कुणाचं नाव विचारणार नव्हतं. एवढं सुख त्यांना साक्षीच्या जन्मानंतर झालं नव्हतं. आता पाणी कुणी घातलं हा प्रश्न उरला होता, पण त्या घडीला तो त्यांना दुसऱ्या कुणाच्या घरचा वाटला.

"बसा," विमलाबाई नाक ओढत म्हणाल्या. "उन्हातून आलात. पाणी आणते."

"अगं, कॉक बंद आहे. थांब, आधी तो उघडतो."

ते वळले, आणि थांबले.

टीपॉयवर दोन पेले होते. भरलेले. दोन्हींवर ताटल्या झाकलेल्या.

निघताना टीपॉय मोकळं होतं. तीन दिवसांची धूळ त्यावर बसायला हवी होती. ती नव्हती.

"तू...?" झुंबररावांनी सवयीने सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. विमलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. महिन्यापूर्वी या प्रश्नाने दोघांची झोप उडाली असती.

आता त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तपासणी झाली होती. दोघंही पास झाली होती.

झुंबररावांनी एक ताटली उचलली. पाणी गार होतं. स्वच्छ. वासही बरा होता.

दोघं सोफ्यावर बसली आणि पाणी प्यायली. सगळं, तळापर्यंत. एसटीत घसा फार कोरडा पडला होता.

"बरं वाटलं," विमलाबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते झुंबररावांनी विचारलं नाही.

त्या रिकामे पेले घेऊन आत गेल्या. पुसायच्या फडक्यासाठी हात लांबवला आणि तसाच ठेवला. झुंबरराव मागोमाग आले.

ओट्यावर तिसरा पेला होता. धुऊन पालथा घातलेला. त्याच्या काठाखालून पाण्याची एक बारीक रेघ निघाली होती आणि ओट्यावरून हळूहळू पुढे सरकत होती.

विमलाबाईंनी थोडा वेळ ती रेघ पाहिली. मग आपले दोन पेले फडक्याने पुसले, आणि त्याच्या शेजारी, थोडी जागा सोडून, पालथे घातले.